हतनूरच्या फुगवट्यातली ओबीएम: कार्तिकात ठेवली, ज्येष्ठात अडली

चांगदेवजवळ तापी-पूर्णेचा संगम होतो, आणि तिथून हतनूर धरणापर्यंत फुगवट्याचं पाणी पसरलेलं आहे. पावसाळाभर धरणाचे ४१ दरवाजे येणाऱ्या पाण्याप्रमाणे वर-खाली होत राहतात. प्रवाहाला ओढ असते आणि त्या ओढीत वल्ह्यावर नाव धरवत नाही. अशा दिवसांसाठी एका मच्छीमार गटाकडे १५ अश्वशक्तीची, दोन सिलेंडरची, दोन-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड मोटर, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे. दोरी ओढून सुरू होणारी, म्हणजे बॅटरीची भानगड नाही. जुलै ते ऑक्टोबर ती जाळी आणि माल वाहते. पूर आला तर माणसंही. पाणी शांत झालं की वल्हं पुरतं, मग पेट्रोल कोण जाळणार? कार्तिकी एकादशी झाली, कपाशीची वेचणी आणि भरिताचे दिवस सुरू झाले, की मोटर उतरवून ठेवायची ती थेट मृगाच्या तोंडावर बाहेर काढायची. म्हणजे म्हणायला हिवाळा, प्रत्यक्षात सात महिने.

त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात दोरी ओढली, तर ती हललीच नाही. गटातल्यांचं निदान तयार होतं: ‘थंडीनं जाम झाली.’ जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरला होता, त्यामुळे निदान पटण्यासारखंही होतं. पण चूक होतं.

थंड देशांत ओबीएम हिवाळ्यासाठी ठेवण्याचं एवढं शास्त्र आहे, त्याचं कारण बर्फ. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि गिअरच्या डब्यात किंवा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांत अडकलेलं असेल तर ओतीव ॲल्युमिनियम फोडतं. खान्देशात ते होणार नाही. कडाक्याच्या पहाटेही मोटरच्या आत शून्य अंश येत नाही, म्हणून कुलंट भरणं वगैरे सोपस्कार इथे फुकट आहेत. इथे मोटर मारतात त्या वेगळ्या गोष्टी: आत राहिलेलं पेट्रोल, आत राहिलेलं पाणी, आत राहिलेला गाळ, आणि हिवाळ्यानंतर येणारा तो ४४-४५ अंशांचा वैशाख. या प्रकरणात चौघांनीही हात मारला होता.

मोटर उघडल्यावर

आधी ती ठेवली कशी होती ते पाहू. शेवटच्या फेरीनंतर घाटावरच उतरवली, वरून बादलीभर पाणी ओतलं, पुसली आणि खतांच्या गोदामात पोत्यांवर आडवी टाकली. पोती उतरती होती, त्यामुळे इंजिनचं डोकं खाली आणि पंख्याचं टोक चार बोटं वर राहिलं. वरून प्लास्टिकचा ताडपत्रीसारखा कागद दोरीनं आवळून बांधला. टाकी २४ लिटरची, तीत नऊ-दहा लिटर ऑइल मिसळलेलं पेट्रोल तसंच, आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. पाइप मोटरलाच जोडलेला.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं तेव्हा पहिला दोष उघड्या डोळ्यांनी दिसला. वर निळसर तेलकट पेट्रोल, आणि तळाशी दोन बोटं उंचीचा, गढूळ, जवळजवळ बिनरंगी थर. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि काही मर्यादेपर्यंत पोटात ठेवतं. ती मर्यादा थंडीत कमी होते. पाणी आत गेलं होतं सप्टेंबर-ऑक्टोबरातच: उघड्या नावेत टाकी पावसात भिजत होती आणि हवेचा स्क्रू मोकळा होता. दुपारी ३० अंश आणि पहाटे १०, अशा दिवसांत पेट्रोलनं धरलेलं पाणी सुटलं आणि इथेनॉलला घेऊन तळाशी बसलं. म्हणजे थंडीचा हात अजिबात नव्हता असं नाही, पण तो लोखंडावर नव्हता, पेट्रोलवर होता.

दोन-स्ट्रोकला हा तळाचा थर जास्त धोक्याचा. या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या ऑइलमधूनच, आणि ऑइल राहतं वरच्या थरात. टाकीतली नळी तर तळातून ओढते. तो थर ओढूनही इंजिन कसंबसं चाललंच, तर ते कोरडं चालतं आणि पिस्टन घासून बसतो. तेव्हा दोरी हलली नाही हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

कार्बोरेटरची वाटी काढली तर तळाला मधासारखा चिकट, तपकिरी-हिरवट थर आणि त्यात फ्लोट अर्धा रुतलेला. वाटीतलं चमचा-दोन चमचे पेट्रोल उडून गेलं की मागे हा डिंक राहतो. मुख्य जेटमधून, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या भोकातून, उजेड दिसत होता. मंद गतीचा बारीक जेट मात्र पूर्ण बंद.

पण दोरी अडली होती ती याच्यामुळे नाही. प्लग काढून विजेरी टाकली तेव्हा खरं कारण दिसलं. वरचं सिलेंडर चकचकीत. खालच्या सिलेंडरच्या भिंतीवर, धूर बाहेर जाण्याच्या खिडकीच्या कडेनं, चंद्रकोरीसारखा तांबडा गंजाचा पट्टा, आणि पिस्टनच्या रिंगा नेमक्या त्याच पट्ट्यात धरलेल्या. मोटर बंद केल्यावर धुराच्या वाटेत आणि पायात, म्हणजे मोटरच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, पाणी उरतंच. मोटर उभी असेल तर ते खाली गळून जातं. डोकं खाली करून आडवी टाकली की तेच पाणी उलट चालत खिडकीतून सिलेंडरमध्ये येतं. या मोटरीत पिस्टन थांबला तेव्हा खालच्या सिलेंडरची खिडकी उघडी होती, वरच्याची झाकलेली. वरचं सिलेंडर वाचलं ते नशिबानं. एवढ्याशा पाण्यानं सात महिन्यांत काय केलं ते त्या चंद्रकोरीत दिसत होतं.

चौथा दोष गिअरच्या डब्यात. खालचा स्क्रू सैल केल्यावर आधी ऑइल नाही, पाणी आलं, दोन-तीन मोठे चमचे. मग दुधाच्या चहासारखं ऑइल. पंखा उतरवल्यावर कारणही हातात आलं: शाफ्टवर तंगूसाचा (जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचा) बोटभर जाड वेढा, घासून वितळून एकजीव झालेला, आणि त्यानं ऑइल सीलची कड कापलेली. जाळ्यांच्या पाण्यात चालणाऱ्या मोटरीला हा रोग ठरलेलाच. पंख्यामागे तंगूस गुंडाळला गेला की तो सीलपर्यंत सरकतो, सील कापतो, आणि त्या चिरेतून ऑइल बाहेर, पाणी आत. दात अजून शाबूत होते, पण खालच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके उठले होते.

बाहेरून दिसणारे दोष त्या मानानं किरकोळ, पण कारण लक्षात घेण्यासारखं. ॲल्युमिनियमच्या क्लँपवर पांढरी पावडर सुटली होती आणि रंग पोपडे धरून उठला होता. खतांच्या पोत्यांतले क्षार हवेतला ओलावा धरतात आणि ॲल्युमिनियम खातात. वरून आवळलेल्या प्लास्टिकमुळे आतला घाम आतच. उंदरांनी प्लगच्या एका वायरीचं आवरण कुरतडलं होतं. गोदामात उंदीर असणारच, त्यात नवल नाही.

दुरुस्ती

जाम झालेलं इंजिन दोरीला हिसके देऊन सुटत नाही. दोरी तुटते, नाहीतर रिंग. दोन्ही प्लगच्या भोकांतून डिझेल आणि दोन-स्ट्रोक ऑइल निम्मंनिम्म, सुमारे ३० मिली ओतून २४ तास तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून, फक्त इंजिन फिरतं त्याच दिशेनं, थोडं थोडं दाबत सोडवलं. उलट फिरवलं तर पाण्याच्या पंपातल्या इंपेलरच्या रबरी पात्या उलट मुडपतात आणि तुटतात. घाईत ही चूक फार होते.

सुटल्यावर सिलेंडरचा दाब मोजला: दोन्ही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, दोरी पाच-सहा वेळा ओढून. वरच्याचा काटा ११० पौंडांवर गेला, खालचा ७५ वर अडला. दोन्हींत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर डोळेझाक करू नये. हेड उतरवून खालचं सिलेंडर हलक्या हातानं होन केलं (आतून घासून एकसारखं केलं), रिंगा नव्या टाकल्या, गॅस्केट नवं. गंजाचे खड्डे नखाला लागण्याइतके खोल असते तर बोअर वाढवावा लागला असता, आणि खर्च बराच वर गेला असता.

कार्बोरेटर पूर्ण सुटा करून क्लिनरमध्ये बुडवला. बारीक जेट उघडायला वायरीतली तांब्याची एक तार वापरली. पोलादी तार किंवा सुई घालू नये. भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं आणि मग तो जेट फेकूनच द्यावा लागतो. गिअरच्या डब्याचे सील आणि बेअरिंग बदललं. पंपाचा इंपेलर काढला तर पात्या एका बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या, आणि पंपाच्या भांड्यात काळी माती वाळून विटेसारखी बसलेली. तापीच्या पुराचं पाणी गाळ घेऊनच येतं. तो ओला असताना धुतला तर निघतो. वाळला की खरवडावा लागतो.

पुढच्या कार्तिकात

पुढच्या वर्षी मोटर ठेवण्याचं काम एका सकाळचं, फार तर तीन तासांचं ठरलं. क्रम महत्त्वाचा, कारण आधीची कामं इंजिन चालू असताना करायची आहेत आणि नंतरची बंद असताना.

घाटावर जुनं पेट्रोल पूर्ण काढून घेतलं. ऑइल मिसळलेलं, पण अजून ताजं असलेलं पेट्रोल फुकट घालवायचं कारण नाही. केळी-कपाशीच्या पट्ट्यात प्रत्येक घरी दोन-स्ट्रोक फवारणी पंप आहे. मोटरीचं मिश्रण ५० ला १ होतं, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल. पंपाला २५ ला १ लागत असेल तर लिटरमागे आणखी २० मिली टाकलं की झालं. तळाशी थर धरलेलं पेट्रोल मात्र पंपातही घालू नये आणि नदीकाठी तर मुळीच ओतू नये.

टाकीत दोन लिटर ताजं पेट्रोल, ४० मिली ऑइल आणि बाटलीवर लिहिलेल्या मापानं पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर. मोटर उघड्यावर २०० लिटरच्या ड्रममध्ये उभी लावली, पंखा काढून, गिअर न्यूट्रलला. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या चार बोटं वर हवं. पाण्याशिवाय मोटर सुरू करून ‘जरा बघू’ म्हणणारे बरेच भेटतात. इंपेलरला पाणी हेच वंगण, कोरडा फिरला की काही सेकंदांतच रबर जळू लागतं. मंद गतीवर पंधरा मिनिटं चालवली. बाजूच्या भोकातून पडणारी धार आधी काळसर, मग चहाच्या रंगाची, मग स्वच्छ. ड्रममधलं पाणी तीनदा बदलावं लागलं. तेवढ्या वेळात स्टॅबिलायझर कार्बोरेटरपर्यंत पोहोचलं.

मग पेट्रोलचा पाइप काढला आणि मोटर आपोआप बंद पडू दिली. इथे एक बारकावा आहे. पेट्रोल संपत येतं तसं दोन-स्ट्रोकचं वंगणही संपत येतं. म्हणून गती डळमळायला लागली की कार्बोरेटरच्या तोंडातून फॉगिंग ऑइलचा (आतल्या भागांवर गंजरोधक थर धरणाऱ्या तेलाचा) फवारा मारायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठून इंजिन बंद पडेपर्यंत. त्यानंतर वाटीच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढले. कार्बोरेटर भरलेला ठेवावा की रिकामा, यावर मेकॅनिकांत दोन पक्ष आहेत. स्टॅबिलायझर घालून भरलेला ठेवला तर गॅस्केट वाळत नाहीत, हा पहिल्या पक्षाचा मुद्दा खरा आहे. पण सात महिने, त्यात दोन महिने भट्टीसारखे, आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. या हिशेबात रिकामाच बरा. गॅस्केट नवं टाकता येतं.

प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये १० मिली दोन-स्ट्रोक ऑइल टाकलं आणि दोरी चार वेळा सावकाश ओढली. त्याआधी बंद करायच्या बटणाची दोरी काढून ठेवली आणि वायरी इंजिनाच्या अंगाला टेकवल्या. प्लगच्या भोकांतून पेट्रोल-ऑइलची वाफ बाहेर येत असते, त्या वेळी ठिणगी नको.

आता बंद मोटरीची कामं. पंख्याचा शाफ्ट तपासला. या वेळी तंगूस निघाला तो दोनच वेढे, सीलपर्यंत न पोहोचलेला. शाफ्टला पाण्यात न विरघळणारं ग्रीस. गिअर ऑइल काढताना खालचा स्क्रू आधी, वरचा नंतर. भरताना खालून, वरच्या भोकातून ऑइल बाहेर येईपर्यंत. मग वरचा स्क्रू आधी घट्ट, त्यानंतर नळी काढून खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि डबा भरल्यासारखा वाटतो. या मोटरीत सुमारे पाव लिटर बसलं. दोन्ही स्क्रूंचे वायसर नवे घातले. पाच-दहा रुपयांच्या वायसरसाठी सील बदलल्याचं पाणी करू नये. हे काम जूनवर ढकलायचं नाही, कारण ऑइलात पाणी असेल तर ते याच सात महिन्यांत बेअरिंग खातं.

ग्रीसचे सगळे निपल जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबले. इंपेलर मात्र बदलला नाही: नवा इंपेलरही पंपात मुडपूनच बसतो, तो सात महिने तसाच ठेवून कडक करण्यापेक्षा आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) बसवलेला चांगला.

जागा बदलली. खताचं गोदाम सोडून विटांच्या भिंतींची, कौलारू छपराची कोरडी खोली घेतली. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पेट्रोलचा पाइप आणि त्यावरचा हातानं दाबायचा रबरी पंप भाजून तडकतात. सागाच्या दोन फळ्यांची घोडी करून मोटर तिच्यावर उभी टांगली, पाय खाली. ३५-४० किलोचं वजन आहे, घोडीचा पाया रुंद हवा. मोटर आडवी ठेवायचीच वेळ आली तर आधी तासभर उभी ठेवून पाणी गळू द्यावं आणि डोकं पायापेक्षा वर राहील असं पाहावं. फोर-स्ट्रोक असेल तर पुस्तकात सांगितलेल्या बाजूवरच, नाहीतर इंजिन ऑइल सिलेंडरमध्ये उतरतं. आणि तिचं इंजिन ऑइल ठेवण्याआधीच बदलायचं.

वरून जुन्या सुती धोतराचं आच्छादन. धुराच्या तोंडात कापडाचा बोळा, आणि त्याला लाल चिंधी बाहेर लोंबती, म्हणजे जूनमध्ये विसरणार नाही. टाकी पूर्ण रिकामी, वाळवलेली, झाकण लावून घराबाहेरच्या पडवीत. होळीच्या सुमारास एकदा प्रत्येक सिलेंडरमध्ये पाच मिली ऑइल टाकून फ्लायव्हील हातानं दोन वेळा फिरवलं, बस.

मृगाच्या तोंडावर

आखाजीनंतर नवा इंपेलर बसला, घासून साफ केलेले प्लग लागले, लाल चिंधीसकट बोळा निघाला. टाकीत चार लिटर ताजं मिश्रण, रबरी पंप कडक होईपर्यंत दाबला, चोक ओढला. तिसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली आणि पाच-सात मिनिटं पांढरा धूर ओकत राहिली. तो आतल्या ऑइलचा, घाबरायचं कारण नाही.

पण बाजूच्या भोकातून पाण्याची धार येईना. अर्ध्या मिनिटात मोटर बंद केली. इंपेलर नवा, ड्रममध्ये पाणी पुरेसं. भोकात काडी घातली तर ती मातीला अडली. कुंभारीण माशीनं तिथे घर केलं होतं: पेन्सिलीच्या जाडीचं, गुळगुळीत मातीचं, आत अळीसाठी भरून ठेवलेले कोळी. धुराचं तोंड बंद केलं होतं, हे भोक तेवढं राहून गेलं होतं. तांब्याच्या तारेनं माती उकरली, पाइपनं उलट पाणी मारलं, आणि मोटर पुन्हा सुरू केल्यावर धार पडू लागली, हाताला कोमट लागेल अशी. या वर्षीच्या कार्तिकात त्या भोकासाठी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा कापून, एका टोकाला गाठ मारून ठेवलेला आहे. त्यालाही लाल चिंधी बांधलेली.